बदामाएवढे क्रीम आणि ओंजळभर कोलन

आमच्या पिढीतील बहुतेक मराठी घरांमध्ये कोलन हा शब्द आला तो तापाबरोबर. मूल तापाने फणफणले की आई वाटीभर पाण्यात युडीकोलनचे चार थेंब टाकी, जुन्या धोतराची पट्टी त्यात बुडवून कपाळावर ठेवी आणि लिंबाच्या सालीसारख्या त्या गार वासानेच डोकेदुखी निम्मी उतरल्यासारखी वाटे. हेच द्रव्य धडधाकट पुरुषांनी दाढी झाल्यावर निव्वळ मजेसाठी अंगाला लावायचे असते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले. तेव्हापासून उंची दाढीची क्रीमे, आफ्टरशेव्ह आणि कोलन यांचा जो नाद लागला तो आजतागायत सुटलेला नाही. मात्र या नादात मी शिरलो ते उलट्या दाराने. आधी महागडी कोलनची बाटली घेतली, मग आफ्टरशेव्ह, मग इंग्लंडहून येणाऱ्या क्रीमचा डबा, त्यानंतर बरा ब्रश, आणि सर्वांत शेवटी लक्षात आले की माझ्या न्हाणीघरातील पाणीच मुळात चुकीचे होते. ज्या क्रमाने मी पैसे घातले त्याच्या नेमक्या उलट क्रमाने ते घालावेत, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. पुढचा मजकूरही त्याच क्रमाने लिहिला आहे.

पाणी

दाढीचा केस कोरडा असताना फार चिवट असतो. तो पाण्यात मुरला की स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतके पाणी शोषून फुगतो आणि मऊ पडतो, त्यामुळे पात्याला तो कापायला बरेच कमी बळ लागते. हे मुरणे क्षणात होत नाही, त्याला दोनतीन मिनिटे द्यावी लागतात. म्हणून दाढी आंघोळीनंतर करावी, आधी नव्हे. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील जुन्या घरी तांब्याचा बंब होता आणि त्याच्या पाण्याने आंघोळ करून बाहेर पडले की गालाची कातडी ओल्या चामड्यासारखी नरम झालेली असे. वडील नेमके तेव्हाच आरसा खिडकीत टांगत. त्यांनी केसांच्या रचनेवर काही वाचले असण्याची शक्यता नाही, पण त्यांचा क्रम बरोबर होता. ज्यांना आंघोळीआधीच दाढी उरकायची असते त्यांनी गरम पाण्यात पिळलेला पंचा दोन मिनिटे तोंडावर धरावा. पाणी सोसेल इतकेच गरम असावे, कारण कढत पाण्याने त्वचेचे तेल निघून जाते आणि पुढे आफ्टरशेव्ह लावताना तिचा राग सोसावा लागतो.

दुसरी बाब पाण्याच्या जडपणाची. दाढीचे क्रीम हा मूलतः साबणच असतो आणि बोअरच्या पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी संयोग पावून न विरघळणारा चोथा तयार करतात. बादलीच्या कडेला जी पांढुरकी चिकट रेघ राहते ती हीच. कोल्हापुरात नळाचे पाणी त्या मानाने बरे असते, पण उपनगरांतील अनेक सोसायट्यांमध्ये टाकीत बोअरचे पाणी मिसळलेले असते आणि अशा पाण्यात कितीही नामांकित क्रीम घोटले तरी फेस दोन मिनिटांत बसतो. मी वर्षभर डबा बदलत राहिलो आणि दोष प्रत्येक वेळी डब्याला दिला. उपाय अगदी साधा आहे. फेसासाठी लागते कपभर पाणी. तेवढे गाळणयंत्राचे, म्हणजे आर. ओ.चे, घ्यावे. पावसाळ्यात पन्हळीखाली घमेले ठेवून, पहिला पाऊस सोडून, धरलेले पाणी तर याहून उत्तम. उकळून गार केलेल्या पाण्यानेही जडपणाचा काही भाग कमी होतो, सगळा नाही. चेहरा धुवायला नेहमीचे पाणी चालते.

ब्रश, आणि कोल्हापूरचा जुलै

ब्रशाशिवाय या क्रीमांचा उपयोग नाही. बोटांनी चोळलेले क्रीम केसांवर थर देते, पण ब्रश केस उभे करतो, मुळाशी पाणी नेतो आणि फेसात हवा अगदी बारीक करून मिसळतो. पारंपरिक ब्रश डुकराच्या किंवा बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे असतात. डुकराचा केस ताठ असतो, तो वापरण्याआधी पाण्यात भिजवावा लागतो आणि महिना-दोन महिने वापरल्यावर टोके फाटून मऊ होतो. बॅजरचा केस पाणी अधिक धरतो आणि भावही तसाच धरतो. हल्ली कृत्रिम तंतूंचे ब्रश इतके सुधारले आहेत की नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी डोळे झाकून तोच घ्यायला सांगतो, आणि त्यामागे आमच्या गावाचे कारण आहे. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात दोरीवरचा टॉवेलसुद्धा दोन दिवस सुकत नाही. तिथे प्राण्याच्या केसांचा जाड ब्रश आतून ओला राहतो आणि पंधरवड्यात त्याला कुबट वास येऊ लागतो. कृत्रिम तंतू झटकले की तासाभरात कोरडे होतात. ज्यांना प्राण्याचा केस चेहऱ्याला लावणे मनाला पटत नाही त्यांचाही प्रश्न त्याने सुटतो.

क्रीम निवडताना

या क्रीमांचे माहेर लंडन आहे आणि तिथली नावे घेतली की सराफाच्या पेढीची पाटी वाचल्यासारखे वाटते. डी. आर. हॅरिस १७९०चे, ट्रूफिट अँड हिल १८०५चे, टेलर ऑफ ओल्ड बाँड स्ट्रीट १८५४चे आणि जिओ. एफ. ट्रम्पर १८७५चे. हॅरिस हे औषधविक्रेते होते, बाकीची मुळात केशकर्तनालये. म्हणजे गिऱ्हाइकाच्या गालावर रोज जे लावायचे तेच डब्यात भरून विकायला लागलेली ही घराणी आहेत. इटलीत फ्लॉरेन्सच्या मार्तेल्ली कुटुंबाने १९०८ साली सुरू केलेल्या उद्योगातून प्रोरासो आले. त्याचे हिरव्या नळीतील क्रीम निलगिरी आणि मेंथॉलचे असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात त्याच्यासारखा सोबती नाही.

वरवर पाहता ही सगळी एकाच जातीची आहेत. स्टिअरिक आम्ल आणि खोबरेल तेलातून मिळणारी आम्ले पोटॅशच्या अल्कलीबरोबर मिळून मऊ साबण तयार होतो. खोबरेलाचा भाग पटकन बुडबुडे देतो, स्टिअरिकचा भाग तो फेस दाट ठेवून टिकवतो आणि ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. सोड्याऐवजी पोटॅश वापरल्यामुळे हा साबण वडीसारखा घट्ट न होता लोण्यासारखा राहतो. त्यामुळे एका उंची क्रीममध्ये आणि दुसऱ्यामध्ये खरा फरक असतो तो वासाचा, आणि निवड वासावरूनच करावी. गुलाब, चंदन, लव्हेंडर, बदाम, लिंबू आणि व्हायोलेट हे जुने ठरलेले वास आहेत.

इथे चंदनाबद्दल एक इशारा द्यायला हवा, कारण मराठी माणूस डब्यावर चंदन हा शब्द वाचला की तोच उचलतो. आपल्या नाकात बसलेले चंदन म्हणजे देव्हाऱ्यापुढे सहाणेवर पाणी घालून उगाळलेले, दुधट, गार असे चंदन. युरोपातील चंदनाच्या क्रीममध्ये चंदनासारखे कृत्रिम सुगंधी द्रव्य, मसाल्याची ऊब, थोडे लव्हेंडर आणि थोडी पावडर असा मेळ असतो. तो वाईट नसतो, टेलरच्या चंदनाचा तर मी भक्त आहे, पण देव्हाऱ्याची अपेक्षा धरून तो उघडला तर फसवणूक झाल्यासारखे वाटते. गुलाबाचे उलट आहे. गुलकंद आणि गुलाबदाणी यांवर वाढलेल्या नाकाला ट्रम्परचा किंवा ट्रूफिटचा गुलाब लगेच ओळखीचा वाटतो. ज्यांची त्वचा नाजूक आहे त्यांनी वास नसलेले क्रीम घ्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

किमतीने दचकून जाऊ नये. एका दाढीला सोललेल्या बदामाएवढे क्रीम, म्हणजे साधारण एक ग्रॅम, पुरते. टेलरच्या डब्यात १५० ग्रॅम असते, म्हणजे रोज दाढी केली तरी तो पाच महिने चालतो. डबा दीड हजार रुपयांचा धरला तर दाढीमागे दहा रुपये पडतात, आणि एवढ्या पैशांत आता सलूनमधली खुर्चीही मिळत नाही. मात्र निम्म्या किमतीत मिळणाऱ्या डब्याच्या मोहात पडू नये. मी एकदा पडलो. ऑनलाइन मागवलेल्या त्या डब्याचे झाकण तंतोतंत होते, पण आतील क्रीम पिठुळ निघाले, वास पहिल्या दिवशी अत्तरासारखा भपकन आला आणि आठवड्याने उरलाच नाही, आणि मानेवर जे पुरळ उठले ते दिवाळीपर्यंत पुरले. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत. तेव्हापासून मी आधी लेबल वाचतो. भारतात रीतसर आयात झालेल्या प्रसाधनावर आयातदाराचे नाव व पत्ता, नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि छापील किंमत असावी लागते. ही माहिती असलेले लेबल नसेल तर डबा कितीही देखणा असो, परत ठेवावा.

फेस

गंगावेशीतील दूध कट्ट्यावर म्हशीची धार थेट पेल्यात काढतात आणि पेला भरतो तेव्हा निम्मा फेसच असतो. पाहायला तो फार सुंदर दिसतो, पण मोठ्या बुडबुड्यांचा असल्यामुळे पेला ओठाला लागेपर्यंत खाली बसतो. नवशिक्याच्या दाढीचा फेस हुबेहूब असा असतो. क्रीम कमी, पाणी जास्त आणि घोटणे घाईचे. आपल्याला हवा असतो तो बुडबुडा डोळ्याला दिसणारच नाही असा फेस, ताज्या दह्याच्या सायीसारखा, ब्रश उलटा केला तर न गळणारा आणि तरी वरून ओली चकाकी असणारा.

मला तो जमला तो आमच्या पेठेतील एका वयस्कर न्हाव्यामुळे. त्यांनी माझ्या वाटीकडे एकदा पाहिले, ब्रश हातातून घेतला, तो दोनदा झटकून जवळजवळ कोरडा केला आणि म्हणाले, "साहेब, पाण्याची घाई करू नगा. आधी ब्रशाला क्रीम खाऊ द्या, मग पानी पाजा." त्यांची रीत अशी. ब्रश कोमट पाण्यात भिजवून झटकावा. बदामाएवढे क्रीम वाटीच्या तळाशी लावून ब्रश त्यावर अर्धा मिनिट गोल फिरवावा, म्हणजे घट्ट, चिकट, टूथपेस्टसारखा लगदा तयार होतो. मग ब्रशाचे टोक पाण्याला नुसते टेकवून पुन्हा घोटावे, आणि असे चार-पाच वेळा करावे. प्रत्येक वेळी फेस वाढतो आणि वाटीतून येणारा आवाज बदलतो. सुरुवातीला चिखलात पाय फसल्यासारखा चपचप आवाज येतो आणि फेस तयार झाला की तो जवळजवळ बंद होतो. ते गृहस्थ डोळ्यांनी नाही, कानांनी फेस ओळखत. गिऱ्हाइकाशी कुस्तीवर बोलता बोलता वाटीकडे न पाहता त्यांचा हात बरोबर त्या क्षणी थांबे.

फेस चेहऱ्यावर प्रथम गोलाकार फिरवून लावावा म्हणजे केस उभे राहतात, आणि शेवटी रंगाऱ्यासारखे वरखाली हात मारून थर एकसारखा करावा. क्रीमच्या वासाचा आनंद घ्यायची वेळ हीच असते. गरम ओलाव्यामुळे वास नाकाशी दाट राहतो. दहा मिनिटांनी तो धुऊन जाणार असतो आणि नंतर कितीही हुंगले तरी तसा सापडत नाही. मी या वेळी रेडिओसुद्धा बंद ठेवतो. घरच्यांना हे खूळ वाटते, आणि त्यांचे अगदीच चूक आहे असे म्हणवत नाही.

पाते

याबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रत्येकाचा हात निराळा. एकाच दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर या क्रीमांना सर्वांत शोभतो, कारण दाट फेस त्याच्या दातांतून सहज निघून जातो, तर चार-पाच पाती असलेल्या रेझरमध्ये तो अडकून बसतो. रेझर गालाशी सुमारे ३० अंशांत धरावा आणि दाब मुळीच देऊ नये. रेझरचे वजन पुरेसे असते. पहिला हात केसांच्या वाढीच्या दिशेने, मग पुन्हा फेस लावून आडवा. उलटा हात प्रत्येकाला आणि रोज मानवेलच असे नाही, विशेषतः गळ्यावर, जिथे केस भोवऱ्यासारखे चहूकडे वळलेले असतात. चार-पाच दाढ्यांनंतर पाते बदलावे. मिशी ठेवणाऱ्यांनी, म्हणजे आमच्याकडे जवळजवळ सर्वांनीच, मिशीच्या कडेचा फेस बोटाने पुसून रेघ स्पष्ट दिसू द्यावी. फेसाखाली अंदाजाने मारलेल्या एका हाताने महिन्याभराचा पीळ गेलेला मी पाहिला आहे.

तुरटी, मग आफ्टरशेव्ह

दाढी झाल्यावर चेहरा गार पाण्याने धुवावा आणि ओल्या गालावरून तुरटीचा खडा फिरवावा. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचे सल्फेट. ती कातडी आक्रसते, बारीक जखमांतून येणारे रक्त थांबवते आणि शिवाय तपासनीसाचे काम करते. जिथे झोंबते तिथे आपला हात जड पडलेला असतो. माझ्या उजव्या जबड्याखाली ती वर्षभर झोंबत राहिली, तेव्हा कुठे मला कळले की तिथे मी रेझर दाबतो. मिनिटभराने तुरटी धुऊन टाकावी, कारण ती तशीच राहिली तर त्वचा कोरडी पडते.

आता आफ्टरशेव्ह. त्यातील अल्कोहोलमुळे जी आग होते ती जंतू मरत असल्याची आग असते असे आपण लहानपणापासून ऐकतो, पण गोष्ट वेगळी आहे. त्वचेतील उष्णता जाणणारे संवेदक साधारण ४२ अंश सेल्सिअसच्या वर जागे होतात आणि अल्कोहोल त्यांचा हा उंबरठा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली आणते, म्हणजे जवळजवळ आपल्या त्वचेच्या नेहमीच्या तापमानाला. म्हणून गाल खरोखर भाजत नसताना भाजल्यासारखा वाटतो. मेंथॉल हीच चलाखी उलट बाजूने करते. ते थंडी जाणणाऱ्या संवेदकांना जागे करते, त्यामुळे तापमान जराही न उतरता गार वाटते. दोन्ही एकाच बाटलीत असली की आधी जाळ आणि मग गारवा, असा जो झटका बसतो त्याचे चाहते आहेत. मीही आहे, पण फक्त उन्हाळ्यात.

आफ्टरशेव्हचा वास साधारण अर्ध्या तासाचा सोबती असतो, म्हणून तो पुढे लावायच्या कोलनच्या आड येणार नाही असा निवडावा. १९३८ साली अमेरिकेत शुल्टन कंपनीने पुरुषांसाठी बाजारात आणलेले ओल्ड स्पाइस आपल्याकडे घरोघरी पोहोचले. जहाजाचे चित्र असलेली ती पांढरी बाटली वडिलांच्या कपाटात होती आणि त्या मसालेदार वासावर कोणतेही लिंबूवर्गी कोलन टिकत नाही. ज्या दिवशी ते लावायचे त्या दिवशी त्यालाच मान द्यावा, दुसरे काही लावू नये. बे रम हा आणखी एक जुना प्रकार वेस्ट इंडीजमधला. त्यातील बे म्हणजे आपल्या मसाल्याच्या डब्यातील तमालपत्र नव्हे. ते लवंगेच्या जवळचा वास असलेल्या निराळ्या झाडाचे पान असते आणि ते रमबरोबर ऊर्ध्वपातित करत.

बाटली उघडून थेट गालावर ओतू नये. ओल्या तळव्यावर पाच-सहा थेंब घेऊन दोन्ही हात एकमेकांवर दाबावेत आणि मग गालावर थापावेत, चोळू नयेत. ज्यांची त्वचा कोरडी आहे, किंवा डिसेंबरच्या थंडीत सर्वांचीच असते तेव्हा, अल्कोहोलऐवजी बाम, म्हणजे दाढीनंतर लावायचे मऊ मलम, वापरावा. बाम लावणे पुरुषी नाही असे सांगणारे मित्र मला तालमीच्या कट्ट्यावर भेटतात. त्यांच्या गालांकडे पाहिले की उत्तर द्यायची गरज वाटत नाही.

कोलन

कोलन हे जर्मनीतील कोलोन शहराचे पाणी. योहान मारिया फारिना हा इटालियन माणूस तिथे गेला, त्याच्या घराण्याची पेढी १७०९ साली सुरू झाली आणि त्याने आपल्या नव्या गावाचे नाव आपल्या सुगंधाला दिले. १७०८ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने म्हटले होते की या वासाने आपल्याला पाऊस पडून गेल्यानंतरच्या इटलीतील वसंताच्या सकाळीची आठवण होते. वळवाची सर पडून गेल्यावर ज्याने रंकाळ्याचा काठ पाहिला आहे त्याला वेगळे समजावून सांगायला नको. त्याच शहरातील ४७११ या कोलनचे नाव ग्लॉकनगासे या गल्लीतील घराच्या क्रमांकावरून पडले. लंडनमध्ये फ्लोरिस १७३० पासून सुगंध विकते आहे.

जुन्या पद्धतीच्या कोलनमध्ये बर्गमॉट हे सुगंधी लिंबूवर्गी फळ, लिंबू आणि संत्रे यांच्या सालीचे तेल, नारिंगाच्या फुलांचे नेरोली, लव्हेंडर आणि रोझमेरी असा मेळ असतो. सुगंधी द्रव्याचे प्रमाण साधारण २ ते ५ टक्के, बाकी अल्कोहोल आणि पाणी. ओ द त्वालेत या कोलनहून दाट प्रकारात हेच प्रमाण ५ ते १५ टक्क्यांपर्यंत जाते. या आकड्यांतच कोलन वापरण्याची सगळी रीत आली, आणि आपली चूकही इथेच होते.

आपण अत्तराच्या परंपरेतले लोक. कनौजचे अत्तर चंदनाच्या तेलावर बसवलेले असते, त्याचा मोहरीएवढा फाया कानात ठेवला की दुसऱ्या दिवशीपर्यंत वास राहतो, आणि लग्नात अत्तरदाणीतील काडी मनगटावर ओढली की हात धुतला तरी तो दरवळत राहतो. त्यामुळे टिकतो तो वास चांगला, अशी आपली पक्की समजूत झालेली असते. कोलन घेतल्यावर पहिला प्रश्न हाच येतो की हे संध्याकाळपर्यंत राहील का. ते राहत नाही. सालीची तेले फार लवकर उडून जातात आणि अल्कोहोलही त्यांच्याबरोबर उडते, म्हणूनच तर तापाच्या कपाळाला ते गार वाटत असे. तास-दोन तासांत कोलन संपते, आणि ते संपावे अशीच त्याची घडण आहे. हे एकदा मान्य केले की दोन गोष्टी सुटसुटीत होतात. एक म्हणजे ते थेंबाने लावायचे नसते. अत्तराची काटकसर इथे कामाची नाही. आंघोळीनंतर अंग अर्धवट ओले असताना चमचाभर ओंजळीत घेऊन छातीला, खांद्यांना आणि मानेच्या मागे मनसोक्त लावावे. दुसरे म्हणजे ते पुन्हा लावायचे असते. छोट्या बाटलीत थोडे काढून सोबत न्यावे आणि दुपारी तोंड धुतल्यावर पुन्हा लावावे. मे महिन्यात दुपारी तीनच्या सुमाराला रुमालावर शिंपडलेल्या कोलनइतकी तरतरी चहाने येत नाही. पहिल्यांदा मी हे कार्यालयात केले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काळजीने विचारले, "घरात कुणाला ताप आहे का हो?" वास त्यांनी अचूक ओळखला होता.

ज्यांना थोडे टिकणारे हवे आहे त्यांनी व्हेटिव्हर असलेली कोलने शोधावीत. व्हेटिव्हर म्हणजे आपला वाळा. शब्दही तमिळमधूनच तिकडे गेला आहे. माठात वाळ्याची जुडी टाकून प्यायलेल्यांना तो लगेच कळेल, आणि मुळांचे तेल जड असल्यामुळे लिंबाचा वास उडून गेल्यावरही तो कातडीशी मागे राहतो. चेहऱ्यावरील क्रीम, आफ्टरशेव्ह आणि कोलन तिन्ही एकाच वासाची असावीत असा आग्रह धरण्याचे कारण नाही, मात्र तिन्ही एकमेकांच्या ओळखीची असावीत. लिंबाच्या क्रीमवर वाळ्याचे कोलन शोभते, गुलाबावर चंदन. वासाचे डिओडरंट यात घुसले की सगळा बेत फिसकटतो.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. बर्गमॉटच्या कच्च्या तेलात बर्गाप्टेन नावाचे द्रव्य असते आणि ते लावलेल्या त्वचेवर कडक ऊन पडले तर भाजल्यासारखे होऊन काळपट डाग उठतात. नामांकित कंपन्या आता हे द्रव्य काढून टाकलेले तेल वापरतात. मी शहाणपणा करून बर्गमॉटचे शुद्ध तेल आणले, घरी कोलन तयार केले, ते मानेला चोपडले आणि खासबागेत उन्हात तासभर कुस्त्या पाहत उभा राहिलो. कॉलरच्या वर दोन बोटे रुंदीचा तपकिरी पट्टा उमटला आणि तो जायला पुढचा पावसाळा उजाडला. घरगुती प्रयोग करायचेच असतील तर ते कपड्याखाली झाकल्या जाणाऱ्या भागावर, किंवा रुमालावर करावेत.

सामान ठेवावे कुठे

न्हाणीघरात काहीही ठेवू नये. उष्णता आणि उजेड यांनी सालीची तेले लवकर बिघडतात आणि कोलनला जुन्या लिंबाच्या लोणच्यासारखा वास येऊ लागतो. बाटली कपाटात, शक्यतो तिच्या खोक्यातच, उभी ठेवावी. क्रीमच्या डब्यात ओला ब्रश बुडवू नये, चमच्याच्या दांड्याने किंवा कोरड्या बोटाने क्रीम काढावे, नाहीतर पावसाळ्यात वरच्या थराला बुरशी येते. ब्रश दाढीनंतर साबणाचा अंशही न राहील असा धुवावा, झटकावा, टॉवेलवर चार वेळा फिरवावा आणि केस खाली येतील असा, हवेशीर जागी टांगावा. माझा ब्रश जून लागला की स्वयंपाकघराच्या खिडकीत, मिरच्यांच्या परडीशेजारी असतो. घरातली तेवढीच जागा कोरडी राहते, आणि त्याबद्दल मला जे ऐकावे लागते ते ऐकून घेतो.